उदकाचा विनय आणि नाग नदी

भिक्खु-पातिमोक्खातील २२७ शिक्षापदांत सेखिय नावाचा ७५ नियमांचा एक वर्ग आहे. चीवर नीट परिधान करावे, गृहस्थाच्या घरी मोठ्याने हसू नये, घास फार मोठा घेऊ नये, अशा स्वरूपाचे हे नियम असल्यामुळे केवळ शिष्टाचाराचे नियम म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची पद्धत पडली आहे. पाराजिक आणि संघादिसेस यांची चर्चा विस्ताराने होते; सेखियांची पाने मात्र भराभर उलटली जातात. विद्यापीठीय अध्यापनातही याहून वेगळे घडत नाही. या वर्गातील अगदी शेवटचा, पंचाहत्तरावा नियम पाण्याविषयी आहे. आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा त्याचा आशय. त्याच्या आधीचा नियम हीच गोष्ट हिरवळीच्या संबंधात सांगतो.

या एका नियमाचा अर्थ, त्याला जोडलेले अपवाद आणि आपल्या नद्या-तलावांच्या आजच्या स्थितीशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल नागपूरची नाग नदी घेतली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरची निवड का केली हे सांगताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाग लोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. आपल्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. तिची आजची अवस्था सांगण्याची मात्र आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. भगवान बुद्ध आधुनिक अर्थाने पर्यावरणवादी होते, असे सिद्ध करण्याचा उत्साह अलीकडच्या काही लेखनात दिसतो. तो मला पटत नाही. विनयाच्या काळात रासायनिक कारखाने नव्हते, लाखो वस्तीच्या शहरांचे भुयारी गटार नव्हते. ज्या समस्या नव्हत्या त्यांची उत्तरे त्रिपिटकात शोधणे म्हणजे त्रिपिटकाचा गौरव नव्हे. परंतु दोष कोणता, तो कोणाचा आणि तो कोणत्या सबबीखाली झाकला जातो, याचा जो बारकाईने विचार विनयात आढळतो, तो आजही उपयोगी पडणारा आहे.

सुत्तविभंगातील कथेनुसार छब्बग्गिय भिक्खूंनी पाण्यात मलमूत्र विसर्जन केले, लोकांनी त्याबद्दल कुरकुर केली आणि भगवंतांनी नियम घालून दिला. कथा एवढीच. तथापि हा नियम एकटा नाही. विसाव्या पाचित्तिय नियमात, ज्या पाण्यात जीव आहेत हे ठाऊक आहे ते पाणी गवतावर किंवा मातीवर ओतण्यास मनाई आहे. आळवी येथे बांधकाम करणाऱ्या भिक्खूंमुळे हा नियम झाला. बासष्टावा पाचित्तिय नियम असे सप्पाणक, म्हणजे सजीव, पाणी वापरण्यास मनाई करतो. उरलेले भिक्षान्न टाकावयाचे झाल्यास ते हिरवळ नसलेल्या जागी किंवा जीव नसलेल्या पाण्यात टाकावे, असा निर्देश मज्झिम निकायातील धम्मदायाद सुत्तात आणि सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तातही येतो. ओंजळभर भाताची ही काळजी आहे! अन्न पाण्यात कुजले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि जलचर गुदमरतात, हे आज आपण शास्त्राच्या भाषेत सांगतो. त्या काळी हे कारण ज्ञात नव्हते. पण पाण्यात कोणीतरी राहते आणि आपल्या कृतीचा परिणाम त्याला भोगावा लागतो, एवढे ज्ञात होते.

पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, हे भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक. त्यासंबंधी चुल्लवग्गात एक विदारक कथा आहे. कोसल जनपदात दोन भिक्खू प्रवास करीत होते. एकाचे वर्तन चुकले म्हणून दुसऱ्याने त्याला समज दिली आणि पहिल्याने ते मनात धरले. पुढे दुसऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ परिस्सावन नव्हते. त्याने मागितले, पहिल्याने दिले नाही. न गाळलेले पाणी प्यावयाचे नाही, या निश्चयाने तो भिक्खू तहानेने मरण पावला. त्यानंतर भगवंतांनी नियम केला की प्रवासात मागणाऱ्याला परिस्सावन नाकारू नये, त्यावाचून प्रवासाला निघू नये, आणि ते नसेल तर संघाटीच्या टोकाने पाणी गाळून प्यावे. पाण्यातील जीव वाचले पाहिजेत आणि तहानलेला माणूसही वाचला पाहिजे, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत. शुद्ध पाण्याचे साधन स्वतःजवळ असताना ते दुसऱ्यास न देणे हा येथे दोष ठरला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आता पंचाहत्तराव्या सेखियाचे अपवाद पाहू. खरा विचार येथेच करावा लागतो. सुत्तविभंगात अनापत्तीची, म्हणजे दोष न लागण्याची, जी कारणे दिली आहेत त्यांतील तीन महत्त्वाची आहेत. हेतुपूर्वक केले नसेल तर दोष नाही. कृती जमिनीवर केली आणि नंतर पाणी तेथे पसरले तर दोष नाही. भिक्खू आजारी असेल तरी दोष नाही. समन्तपासादिका या अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी आणखी एक स्पष्टीकरण जोडले आहे. नियमातील पाणी म्हणजे उपभोगाचे पाणी. शौचकूपातील पाणी किंवा समुद्राचे पाणी उपभोगाचे नसल्यामुळे तेथे हा नियम लागू नाही. पाऊस पडून सर्वत्र पाणीच पाणी झाले आणि कोरडी जागा मिळालीच नाही, तरीही दोष नाही. प्रत्येक अपवाद समंजसपणाचा आहे. विनय माणसाकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही.

परंतु हेच अपवाद एका शहराने वापरावयाचे ठरविले तर काय होते?

नाग नदी नागपूरच्या पश्चिमेस लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलावातून पुढे येऊन सुमारे १७ किलोमीटर शहराच्या मध्यातून वाहते, पूर्वेस तिला पिवळी नदी मिळते, पुढे हे पाणी कन्हान नदीत आणि कन्हानमधून वैनगंगेत जाते. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे मोठे धरण आहे. नागपूरच्या घराघरांतील मैलापाण्यापैकी जे प्रक्रियेवाचून सुटते, ते या वाटेने गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते. भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे आणि तेथील शुद्ध केलेले पाणी औष्णिक वीज केंद्रासाठी वापरले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण जुन्या वस्त्यांतील मलवाहिन्या फुटलेल्या आहेत, कित्येक वस्त्यांत त्या नाहीतच आणि नाल्यांतून येणारे पाणी थेट नदीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातील नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदविले. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यातील ही सर्वांत मोठी संख्या.

येथे मापनाची पद्धत थोडक्यात सांगणे इष्ट. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यासाठी जीवाणूंना जितका प्राणवायू लागतो त्याला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. स्नानास योग्य अशा पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली नसावा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. मैलापाण्यात ही मागणी शेकड्यांच्या घरात असते. पाण्यातील सर्व प्राणवायू ती गिळून टाकते. काळे पाणी, बुडबुडे आणि दुर्गंधी ही त्याचीच लक्षणे होत.

आता नागपूरच्या नागरिकाला विचारावे : तुम्ही नदीत मलविसर्जन करता काय? तो रागावून नाही म्हणेल, आणि ते खरेही आहे. त्याने जे केले ते जमिनीवर, स्वतःच्या शौचालयात केले. पाणी नंतर आले. त्याचा तसा हेतूही नव्हता. आणि अखेर तो म्हणेल की नाग नदी आता नदी राहिली कोठे, तो तर नाला आहे. पाहा, तिन्ही सबबी जशाच्या तशा उभ्या राहिल्या : हेतू नाही, कृती जमिनीवरची, पाणी उपभोगाचे नाही. अक्षरशः नियम लावला तर कोणीही दोषी ठरत नाही आणि नदी मात्र मेलेली असते.

शेवटची सबब सर्वांत घातक आहे. नदीला नाला म्हणणे हा केवळ बोलीतील बदल नव्हे. ज्या पाण्याचा उपभोग आपणच अशक्य करून टाकला, ते पाणी उपभोगाचे नाही म्हणून त्यात आणखी घाण टाकण्यास हरकत नाही, असा हा तर्क आहे. बुद्धघोषांचा अपवाद समुद्रासाठी होता, शौचकूपासाठी होता. नदीचा शौचकूप करून मग त्या अपवादाचा लाभ घेणाऱ्यासाठी नव्हता. शिवाय उपभोग कोणाचा, हाही प्रश्न आहे. नागपूरला उपभोगाचे नसलेले हे पाणी भंडाऱ्याकडे वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना उपभोगाचेच आहे. ते पितात, त्यात मासेमारी करतात, त्यावर शेती करतात.

विनयात या पेचावर उत्तर आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात भगवंतांनी चार महापदेस सांगितले आहेत. जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही, पण जे निषिद्धाशी जुळते आणि विहिताच्या विरुद्ध जाते, ते निषिद्धच समजावे, असा त्यांतील पहिल्याचा आशय आहे. जमिनीवरील कृतीचा अपवाद हा अपघातासाठी आहे. पाणी नदीत जावे म्हणूनच जी नळी बसविली, तिच्यासाठी तो असू शकत नाही. आपण भिक्खू नाही, सेखिय नियम उपासकांना बंधनकारक नाहीत, हेही खरे. पण पंचशीलातील पहिल्या शीलाचा आशय असा सुटा करून बाजूला ठेवता येणार नाही.

नागपूर शहर आपले पिण्याचे पाणी पेंच जलाशयातून आणि कन्हान नदीतून घेते. म्हणजे निर्मळ पाणी वरच्या अंगाला उचलायचे आणि मलिन करून खालच्या अंगाला सोडायचे. आपल्या समाजाच्या वडीलधाऱ्यांना ही मांडणी नवी वाटणार नाही. जेथे अस्पृश्यांना नदीवर येण्याची मुभा होती, अशा अनेक गावांत वरचा पाणवठा सवर्णांचा आणि खालचा पाणवठा अस्पृश्यांचा असे. वरच्यांनी धुतलेले, खरकटलेले पाणी खालच्यांच्या घागरीत येई. आज पाणवठ्यांची ही उतरंड गावाच्या आत राहिलेली नाही. शहर वर आणि खेडे खाली, अशी ती पसरली आहे. चुल्लवग्गातील परिस्सावन न देणाऱ्या भिक्खूची आठवण येथे यावी. फरक एवढाच की त्याने पाणी गाळण्याचे साधन दिले नाही. आपण पाणीच गढूळ करून पाठवितो.

येथे एक वेगळा आक्षेप येऊ शकतो. या देशात नद्यांना माता म्हणतात, त्यांच्या आरत्या करतात. मग नद्यांच्या रक्षणासाठी ही पवित्रतेची भावनाच पुरेशी नाही काय? नाही, आणि का नाही, हे मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात दिसते. सुन्दरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना बाहुका नदीवर स्नानाला जाण्याविषयी विचारतो, कारण पुष्कळ लोक त्या नदीत आपले पाप धुतात. भगवंत बाहुका, गया, पयाग, सरस्सती इत्यादी नद्यांची आणि तीर्थांची नावे घेऊन सांगतात की दुष्कृत्य करणाऱ्याला नदी शुद्ध करू शकत नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही अनाथपिण्डिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुडी घेणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव आणि मगरी सर्वांत आधी स्वर्गाला जायला हवेत. एका दासीने एका ब्राह्मणाला निरुत्तर केल्याचा हा प्रसंग आपल्या वाङ्मयातील अमोल ठेवा आहे.

याचा पाण्याच्या रक्षणाशी असा संबंध आहे. नदी आपल्याला शुद्ध करते असे जो मानतो, तो नदी मलिन होऊ शकते हे मनापासून मानू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तिची पवित्रता अक्षय असते. राख टाका, निर्माल्य टाका, मैला सोडा, ती पवित्रच. उलट, नदी म्हणजे पाणी आहे, त्यात जीव राहतात, आणि आपण घाण टाकली तर ते घाण होते, असे जो मानतो त्यालाच ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कळते. नदीचे देवत्व काढून घेतल्याने तिचे महत्त्व कमी होत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्याला बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या कारणाचे स्थान दिले आहे. तेथे रोहिणी ही देवता नाही. दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांचे पाणी आहे.

पवित्रतेच्या कल्पनेने पाण्याचे काय होते हे महाडने जगाला दाखविले. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत, तेव्हा ते बाटत नसे. माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेण-गोमूत्राने शुद्ध झाले! विटाळ आणि मलिनता यांतील फरक न कळणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. विटाळ कल्पनेत असतो, मलिनता मोजता येते. जो समाज शतकानुशतके विटाळाची भीती बाळगून राहिला, त्याने मलिनतेकडे पाहिलेच नाही. घाण काढण्याचे काम विशिष्ट जातींवर सोपवून तो मोकळा झाला. गटारात उतरून माणसे मरण्याच्या घटना २०१३ च्या कायद्यानंतरही थांबलेल्या नाहीत, त्याचे मूळ येथे आहे.

उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली आपल्या बाजूने लागला आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव आणि स्नानघाट सर्वांना खुले केले. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क असा मिळाला. पण पोहोचल्यावर ओंजळीत काय येते, हा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार यांच्या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. अनुच्छेद ५१-क मध्ये नद्या व सरोवरांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली समाविष्ट झाले. चवदार तळ्याचा लढा समतेचा होता हे तर खरेच; तो लढा लढलेल्यांच्या नातवंडांनी नळाच्या आणि नदीच्या पाण्याची प्रत तपासणे ही त्याची पुढची पायरी आहे.

दुसरे संकट परक्या वनस्पतींचे आणि जलचरांचे. अंबाझरी तलाव सुमारे दीडशे वर्षांचा. अलीकडच्या वर्षांत त्यावर जलपर्णी पसरली. वैनगंगेवरही ती आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. १९३६ साली तिच्या बंदोबस्तासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, इतका तिने उच्छाद मांडला.

मज्झिम निकायातील चूळधम्मसमादान सुत्तात एक उपमा आहे. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात मालुवा वेलीची शेंग फुटते आणि बी एका साल वृक्षाच्या बुंध्याशी पडते. वृक्षावरची देवता घाबरते. तिचे आप्त तिला धीर देतात : भिऊ नकोस, कदाचित मोर ते बी गिळील, हरीण खाईल, वणवा जाळील, लाकूडतोडे काढून टाकतील, वाळवी खाईल, किंवा ते बी रुजणारेच नसेल. यांपैकी काहीच घडत नाही. पाऊस येतो, बी रुजते, वेल वृक्षाला बिलगते. तिचा कोवळा, मऊ स्पर्श देवतेला सुखद वाटतो. हिच्यात भय ते कोणते, असे तिला वाटू लागते. पुढे वेल फांद्यांवर छत धरते आणि मोठमोठ्या फांद्या मोडून टाकते. मूळ उपमा कामसुखाविषयी आहे, वनस्पतीशास्त्राविषयी नाही. पण आक्रमक परक्या जाती कशा पसरतात याचे आजचे स्पष्टीकरण जवळजवळ याच क्रमाने जाते. नव्या भूमीत त्या बीजाला खाणारा मोर नसतो, हरीण नसते, वाळवी नसते. जलपर्णीवर जगणारे भुंगेरे दक्षिण अमेरिकेत होते. तिच्याबरोबर ते आले नाहीत. ते येथे आणून सोडण्याचा प्रयोग १९८० नंतरच्या दशकात बंगळूरकडे झाला आणि काही ठिकाणी त्याला यशही आले.

अनुकूल पाण्यात जलपर्णीचे आच्छादन साधारण पंधरवड्यात दुप्पट होते आणि तिचे बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे टिकते. तिच्या दाट थराखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील मूळ वनस्पती मरतात, प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास वाढतात. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी यंत्रे लावून, मजूर उतरवून ती काढतात आणि हिवाळ्यापर्यंत ती पुन्हा येते. यावर होणारा खर्च कोणाच्या हिताचा, हे सांगणे नको. तिचे खाद्य सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे आहे. सांडपाणी येत राहिले तर ती येत राहणार. मूळ शाबूत ठेवून झाड तोडले तर ते पुन्हा फुटते, हा दृष्टान्त धम्मपदाच्या तण्हावग्गात तृष्णेसाठी आला आहे. आपल्या नगरपालिकांना तो शब्दशः लागू पडतो.

माशांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. आफ्रिकन मागूर झपाट्याने वाढतो, घाण पाण्यात जगतो आणि लहानसहान माशांचा फडशा पाडतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली महाराष्ट्रातील प्रकरणात ती अंमलात आणण्याचे आदेश दिले. तरी तळ्यांतून तो निसटून नद्यांत पोहोचलेला आहे. घरच्या काचपेटीत पाळलेली, कानाजवळ लाल पट्टा असलेली अमेरिकन कासवे मोठी झाली की लोक तलावात सोडून देतात, तीही तशीच.

या ठिकाणी बौद्धांनी स्वतःकडे पाहावे अशी एक बाब आहे. पूर्व आशियातील बौद्ध देशांत पुण्यप्राप्तीसाठी बाजारातून मासे, कासवे, पक्षी विकत घेऊन सोडून देण्याची प्रथा आहे. त्यांतील पुष्कळ प्राणी परदेशी असतात आणि त्यामुळे तेथील तलावांची हानी झालेली आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्याजवळ २०१५ साली दोघा बौद्धांनी परदेशी शेवंडे आणि खेकडे समुद्रात सोडले. २०१७ साली न्यायालयाने त्यांना मोठा दंड केला. आपल्याकडे ही प्रथा रुजलेली नाही. पण परदेशी उपासकांचे येणे-जाणे वाढले आहे आणि पुण्याचे सोपे मार्ग अनुकरणाला फार लवकर मिळतात. बुद्धपौर्णिमेला विहारालगतच्या तलावात मासे सोडण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर मासा कोणत्या जातीचा आणि कोठला, हे विचारल्याशिवाय तिला होकार देऊ नये. प्रज्ञेशिवाय केलेली करुणा कधी कधी एका जिवाला वाचवून शंभरांना मारते.

सम्राट अशोकांचा पाचवा स्तंभलेख या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे आणि तीत पाण्यातील अनेक जातींची नावे आहेत. काही तर अशी की त्यांचा नेमका अर्थ विद्वानांना अद्याप निश्चित करता आलेला नाही. ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत, आणि त्या दिवशी हत्तींच्या वनांत व ‘केवटभोगा’त, म्हणजे कोळ्यांच्या राखीव जलक्षेत्रात, अन्य जीवही मारू नयेत असे तो सांगतो. मासेमारीवर सरसकट बंदी नाही. तिथींची मर्यादा आहे. कोळ्यांच्या जलक्षेत्राला नाव आहे, स्थान आहे. धम्माच्या राज्यात ज्यांची उपजीविका पाण्यावर आहे त्यांना वगळून पाण्याचे रक्षण होत नसे, असा अर्थ त्यातून काढला तर तो फार ताणलेला ठरू नये.

भंडारा-गोंदिया भागात याचे जिवंत उदाहरण आहे. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांवर ढिवर समाज जगतो. या तलावांत बेशरमची झुडपे माजली, हीदेखील दक्षिण अमेरिकेतून आलेली. जोडीला बाहेरून आणलेल्या माशांचे बीज सोडण्यात आले आणि मूळची पाणवनस्पती व देशी मासे कमी झाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव भागात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्या स्त्रियांनी बेशरम मुळापासून उपटून काढले, तलावाच्या तळाला नांगरणी करून हायड्रिलासारख्या देशी वनस्पती लावल्या, आणि काही हंगामांतच मरळ, शिंगी यांसारखे देशी मासे व पक्षी परतू लागले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्या लोकांजवळ आधीपासून होते. कोणी त्यांना विचारले नव्हते, इतकेच.

गोसीखुर्दच्या तालुक्याचे ठाणे पवनी. १९६९-७० च्या उत्खननात तेथे जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे मौर्यकाळापासूनचे स्तूप उघडकीस आले. वैनगंगेच्या काठी एके काळी नांदणाऱ्या त्या संघाला पंचाहत्तरावा सेखिय नियम पाठ असणार, आणि पंधरवड्याच्या उपोसथाला तो म्हटला जात असणार. आज त्याच नदीच्या वरच्या अंगाला नागपूरचे मैलापाणी येऊन मिळते, आणि त्यात आपल्या वस्त्यांचे, आपल्या विहारांचेही पाणी आहे.

म्हणून काही गोष्टी विहार समित्यांनी विचारात घ्याव्यात. आपल्या विहाराच्या शौचालयाचे पाणी नेमके कोठे जाते, मलवाहिनीत, शोषखड्ड्यात की मागच्या नाल्यात, हे प्रथम पाहावे. मी ज्या थोड्या विहारांत हा प्रश्न विचारला तेथे बहुधा कोणाला उत्तर ठाऊक नव्हते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखोंच्या संख्येने उपासक येतात. भोजनदानाचे उरलेले अन्न आणि पत्रावळी कोठे जातात, याची जबाबदारी भोजनदान करणाऱ्या मंडळाने आधीच ठरवून घ्यावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नदीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात; ते दर वर्षावासात मागवून विहाराच्या फलकावर, जैविक प्राणवायू मागणीच्या आकड्यासह, लावावेत. आणि ज्या विहारांत उपोसथाच्या दिवशी उपासकांसाठी विनयाचे वाचन होते, तेथे सेखियांची शेवटची दोन पाने गाळू नयेत.